अंगठा काढू नका

आमचं कोल्ड स्टोरेज माझ्या नवऱ्याने उभं केलं आणि ते गेल्यावर मी चालवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही शेवटच्या परीक्षेला मी गेले नव्हते. पण सफरचंदाची पेटी न उघडता नुसत्या वासावर सांगते की आत किती माल नासलाय. माणसांचंही मला साधारण तसंच कळतं. त्यामुळे लोक मला वचकून असतात. असू देत. वचकून असलेली माणसं वेळेवर कामाला येतात.

थंडावा फुकट येत नाही. त्याला अमोनिया लागतो. तो मशिनघरातून जाड नळ्यांमधून सगळ्या खोल्यांत फिरतो. नळीत आहे तोवर गुणी बाळ. बाहेर आला की डोळे जाळतो, घसा जाळतो, आणि माणूस आतच कोंडला तर त्याचा जीव घेतो. म्हणून मशिनघराच्या छताशी मोठे पंखे बसवलेले आहेत, आतली हवा ओढून बाहेर फेकणारे. त्यांचं बटण पूर्वी अंगणातल्या भिंतीवर असायचं. शेंबडं पोरही दाबू शकेल असं. माझ्या मुलाने ते काढून टाकलं आणि सगळं कॉम्प्युटरवर नेलं. पंखे पडद्यावरून, मशिन पडद्यावरून, दाब पडद्यावर. मी विचारलं, पडदा बंद पडला तर? तो हसून म्हणाला, आई, तू ना.

पडदा आणि मशिन यांच्या मधे एक चपटी लोखंडी पेटी होती. तिला स्विच म्हणतात. मी आधी दिव्याचं बटण समजले होते आणि त्यावरून घरात बराच दात काढण्याचा कार्यक्रम झाला होता. पुढच्या अंगाला सारखी दिसणारी भोकं, प्रत्येकात एक वायर. इकडून आलेला निरोप बरोबर त्या वायरीत पाठवायचा, एवढंच तिचं काम. पोस्टमनचं.

त्या दिवशी सकाळी ती पेटी मेली. एकही दिवा लागेना.

माझी सून शहरात हेच काम करते, ऑफिसांमधून असल्या पेट्या बसवण्याचं. ती रजा टाकून घरी होती. तिने पेटीला हात लावला, वास घेतला आणि मला विचारलं की याच्यावर हे रेक्झिनचं कव्हर कोणी घातलं. मी घातलं होतं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला कव्हर असतं, मी स्वतः शिवते. वजनकाट्याला आहे, टेलिफोनला होतं, माझ्या शिलाई मशिनला तर दोन आहेत. सून म्हणाली, आई, पेटी आतून तापते, तिला हवा लागते, ती गुदमरून गेली. मी म्हटलं, आदल्या दिवशी वीज तीनदा गेली-आली, ते दिसलं नाही का? की सगळं माझ्याच नावावर टाकायचं? ती जुन्या वायरी सोडवायला लागली. तिची ही सवय मला कधीच आवडली नाही. भांडण अर्ध्यावर टाकून कामाला लागायचं, म्हणजे समोरचा मूर्ख ठरतो.

नवी पेटी कपाटात पडून होती, खोक्यातल्या खोक्यात. सून म्हणाली, मी लावते. पण नुसती लावून चालत नाही म्हणे. या कंपनीची पेटी खोक्यातून निघते तेव्हा तिची सगळी तोंडं बंद असतात. एक खास वायर घेऊन लॅपटॉप थेट तिला जोडायचा आणि तिला सांगायचं की तू कोण, तुझा पत्ता काय, कोणती तोंडं उघडायची. पहिल्यांदा हे असं समोर बसूनच सांगावं लागतं, लांबून होत नाही. मी म्हटलं, म्हणजे नवीन सुनेसारखंच की. ती हसली. मलाही जरा बरं वाटलं, खोटं का बोला.

तोवर पडद्यावर दाब दिसणार नव्हता. म्हणून मुलगा म्हणाला, मी मशिनघरात काट्यासमोर बसतो. तो गेला, आणि त्याचा फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला तसाच राहिला.

ही पेटी ज्या खोलीत आहे ती अगदी लहान, ऑफिसच्या मागे, मशिनघराच्या भिंतीला लागून. एक जाड नळी मशिनघरातून भिंत फोडून या खोलीत येते आणि पुढे जाते. नवऱ्याच्या वेळेपासून आमची एक रीत आहे. मशिनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आतला माणूस अधूनमधून पान्याने नळीवर दोन ठोके मारतो. म्हणजे मी ठीक आहे. बाहेरचा उलट दोन मारतो. म्हणजे ऐकलं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला हे फार गमतीचं वाटलं होतं. तारखात्यात आल्यासारखं वाटतं म्हणाली होती.

तिने नवी पेटी लोखंडी मांडणीवर चढवली, जुन्या वायरी तिच्यात घातल्या. मी स्टुलावर बसून बघत होते, बघण्यापेक्षा लक्ष ठेवत होते म्हणा. तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मग फुसऽऽ असा लांबलचक आवाज सुरू झाला, जो थांबेचना. कुकरची शिटी अडकावी तसा, पण कितीतरी मोठा. आणि पाठोपाठ वास.

तो वास मी ओळखते.

आमचा दरवान, ज्याला सगळे भोंगा म्हणतात कारण त्याला हळू बोलताच येत नाही, तो अंगणातून ओरडत आला. मशिनघराच्या दारातून पांढरा धूर येत होता. त्याने मशिनची वीज तोडली होती (पंख्यांची लाइन वेगळी आहे), माल निवडायला बसलेल्या बायकांना फाटकाबाहेर काढलं होतं, आगीच्या बंबाला फोन केला होता. बंब शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणार होता. मी एवढंच विचारलं, तो कुठे आहे. भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, बाई, ते बाहेर आले नाहीत.

मी दाराकडे धावले. दारापासून चांगली लांब होते तरी डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, श्वास छातीत अडकला, आणि भोंग्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. एरवी त्याने माझ्या सावलीला हात लावला नसता. आमच्याकडे गॅसचा मुखवटा एकच, आणि तो आतल्या भिंतीला टांगलेला. शहाणपणाची कमालच.

मागच्या खोलीत आले तेव्हा नळीवर दोन ठोके पडले.

तो जिवंत होता. मशिनघराच्या पार मागे तेलाच्या डब्यांची एक खोली आहे, तिला दुसरं दार नाही. तिथे शिरून त्याने दार लावून घेतलं असणार. नळी त्या खोलीतूनच जाते. दार काही हवाबंद नाही, फटींतून गॅस येणार. बाहेर यायचं तर सबंध मशिनघर ओलांडून यायला हवं. पंखे लागले तर येऊ शकेल. पंखे पडद्यावर. पडदा पेटीवर. आणि पेटी माझ्यासमोर दिवे लावून बसली होती, सगळी तोंडं मिटून.

मी पाना उचलला आणि उलट दोन ठोके मारले.

सुनेने ओढणी माठात बुडवून माझ्या नाकाला बांधली, दुसरं फडकं स्वतःच्या. दाराच्या फटीत ओलं पोतं कोंबलं. मग ती लॅपटॉप उघडून बसली आणि ती खास वायर पेटीत घातली. पडदा काळाच राहिला. तिने काहीतरी दाबलं. काळाच. पुन्हा दाबलं. मग ती पुटपुटली की चुकीच्या भोकात गेली. इतक्या ऑफिसांत तिने डोळे मिटून केलेलं काम, आणि घरी तिचं भोक चुकलं. ज्या भोकात घालायची ते बाजूला वेगळं होतं, निळ्या कडेचं, पण आकार तोच. तिने वायर ओढली, आणि घाईत इतकी जोरात ओढली की पिनेच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची जीभ तुटून खाली पडली.

ती जीभ असते म्हणून पिन भोकात अडकून राहते. ती नाही तर पिन आपली आपण बाहेर येते. दुसरी वायर नव्हती. पेटी वर मांडणीवर, लॅपटॉप खाली टेबलावर, एका माणसाला दोन्हीकडे हात पुरत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, इथे अंगठ्याने दाबून धरा. मी सांगेपर्यंत अंगठा काढू नका."

या घरात मला असं कोणी सांगितलेलं नव्हतं, माझ्या सासूनंतर. मी उभी राहिले, डाव्या हाताचा अंगठा पिनेवर दाबला. उजव्या हातात पाना होता.

पडद्यावर अक्षरं आली, पण ती अक्षरं नव्हती. चौकोन, फुल्या, उलटे आकडे, सगळी भेळमिसळ. मी विचारलं, हे काय, बिघडली का. ती म्हणाली, नाही, ती वेगळ्या वेगाने बोलतेय आणि आपण वेगळ्या वेगाने ऐकतोय. तिने वेग बदलला. मग ओळी नीट धावायला लागल्या, एकामागे एक, आणि ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, अगं लिही ना काहीतरी. ती म्हणाली, पेटी जागी होतेय, आता काही करता येत नाही.

जागी होतेय. माझा मुलगा भिंतीपलीकडे गुदमरत होता आणि ही पेटी आळोखेपिळोखे देत होती. मी तिला मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दोन ठोके. मी दोन मारले. वास आता फडक्यातूनही येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी ओळी थांबल्या आणि पेटीने एक प्रश्न विचारला. मी विचारलं, काय म्हणते. सून म्हणाली, ती विचारतेय, मी एकेक प्रश्न विचारून सगळं लावून देऊ का. मी म्हटलं, मग हो म्हण, मदत करतेय तर. तिने नाही म्हटलं. अशा वेळी आलेली मदत कोणी नाकारतं का? ती टाइप करता करता म्हणाली, तिचे प्रश्न फार लांबतात, आई, मला हवं तेवढंच मी सांगते. तिची बोटं भराभर चालत होती. आवाज थंड होता. माझ्या मनात आलं, हिला काहीच होत नाहीये की काय. नवरा हिचा आहे ना?

ठोका पडला. एकच.

मी वाट पाहिली. दुसरा आला, पण फार उशिरा, आणि हलका, जसा पाना नुसता टेकवलाय. मी जोरात दोन मारले. त्या नादात माझा अंगठा हलला. पडद्यावरची ओळ मधेच तुटली.

"आई."

मी पुन्हा दाबलं. तिला ती ओळ पहिल्यापासून लिहावी लागली. मी तिची माफी मागितली नाही, पण तोंडही उघडलं नाही, आणि माझ्याकडून तेवढं पुष्कळ.

मग ठोके थांबले.

मी दोन मारले. काही नाही. पुन्हा दोन. फुसफुस तेवढी चालू. मी कान नळीला लावला, नळी इतकी थंड की कान चिकटेल असं वाटलं, तरी काढला नाही. काही नाही. मग आले. टक टक, टक टक, बारीक, पण आले. मी ओरडून म्हटलं, ऐक, मारतोय तो, मारतोय. मी कान नीट लावला आणि कळलं की आवाज नळीतून येत नव्हता. खाली बघितलं. टेबलाखाली तिचा पाय थरथरत होता आणि चपलेची टाच टेबलाच्या लोखंडी पायावर आपटत होती. टक टक, टक टक. कमरेच्या वर ती दगडासारखी होती आणि खाली तिचा पाय तिच्या ताब्यात नव्हता.

मला वाटतं, त्या दिवशी मी जेवढी घाबरले त्यातली सगळ्यात मोठी भीती तेव्हाची. कारण तोवर मला वाटत होतं की दोघींपैकी एकीला तरी ठाऊक आहे की तो वाचणार.

मी म्हटलं, मी जाते. ओली गोधडी अंगावर घेते आणि आत जाते. मी काही म्हातारी झाले नाही. तिने मान वळवली नाही.

"तुम्ही हात काढलात तर पंखे लागणार नाहीत. मग दोघंही आत राहाल."

"माझा मुलगा आहे तो."

"म्हणूनच धरून ठेवा."

काय करणार होते मी? आयुष्यभर लोकांना उभं केलं, बसवलं, घालवलं. आणि आता एका बोटाएवढ्या प्लॅस्टिकवर अंगठा दाबून उभी होते, तो गेला की आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला धावायचं होतं. पायांना धावायचं होतं, छातीला धावायचं होतं. अंगठा तेवढा तिच्या बाजूने राहिला. मी पाना मारत राहिले. दोन, दोन, दोन. उत्तर येत नसलं तरी.

ती एकेक तोंड उघडत होती. पेटीवर एक हिरवा दिवा लागला, मग शेजारचा. मग पुढच्या खोलीतून, जिथे मोठा पडदा आहे, एक पिंग असा आवाज आला. ती खुर्ची पाडून उठली आणि तिकडे पळाली. क्षणभर काही नाही. आणि मग छतावर घरघर सुरू झाली, आधी एक पंखा, मग सगळे. भिंत थरथरली. ती परत आली, लॅपटॉपवर वाकून अजून एक ओळ लिहिली, ओरडून मला म्हणाली की हे साठवून ठेवलं नाही तर वीज गेली की पेटी सगळं विसरेल. आणि एवढं म्हणून ती बाहेर धावली.

मी काय करायचं ते सांगून गेली नाही.

आता तुम्ही हसाल. हसा. पण मला कुठून कळणार? माझ्या अंगठ्याखाली त्या पेटीचा प्राण होता असं मी इतका वेळ ऐकत होते. मी काढला आणि पंखे थांबले तर? तो मशिनघराच्या मध्यावर असेल आणि पंखे थांबले तर? म्हणून मी उभी राहिले. पंख्यांच्या आवाजात नळीचे ठोके पडले असते तरी ऐकू आले नसते. खोलीत मी एकटी. खांद्यापासून हात बधिर झाला होता. घसा जळत होता, खोकला आवरत होते, कारण खोकल्याने हात हलला असता. बाहेर माणसं ओरडत होती, कोण काय ओरडतंय ते समजत नव्हतं. एक बाई जोरात रडली. निवडणारींपैकी कोणी असेल, पण मला ती सून वाटली. मी डोळे मिटून घेतले. मी पाना टाकून दिला आणि दुसरा हातही पहिल्यावर दाबला.

भोंगा आला. त्याचा चेहरा सुजला होता, नाक वाहत होतं. म्हणाला, बाई, चला बाहेर, इथे फार वास आहे, मालकांना बाहेर काढलंय. मी विचारलं, जिवंत? तो म्हणाला, हो, चला. मला त्याच्या आवाजावरून काही कळेना. माणसाला नेऊन प्रेत दाखवायचं असतं तेव्हाही लोक असंच हो म्हणतात. मी म्हटलं, मी हलणार नाही. तो म्हणाला, अहो बाई, काय धरून बसलाय. मी म्हटलं, सूनबाईला विचारून ये सोडू का.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू गॅस माझ्या डोक्यात गेलाय. तीस वर्षं तो माझ्याकडे आहे. मी कोणाला काही विचारून ये म्हटल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण गेला.

ती आली. केस सुटलेले, पुढचा सगळा कपडा पाण्याने भिजलेला. तिने माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवला. माझा अंगठा सुटेना. मला सोडायचा होता, पण तो पिनेवर तसाच वाकून बसला होता. तिने तो हळू हळू उचलला, लहान मुलाच्या मुठीतून नको ती वस्तू काढावी तसा. पिन निखळून लोंबकळली. पंखे चालूच राहिले.

"सांगून का नाही गेलीस?" मी म्हटलं.

"विसरले, आई." आणि मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली. आता वरचं अंगही तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं. मी तिला धरलं. एकाच हाताने, कारण दुसरा मेला होता.

तो अंगणात नळाखाली आडवा होता. आत तेलाच्या खोलीत, मागच्या भिंतीशी जमिनीला तोंड लावून तो पडून राहिला होता, पाना हातातून केव्हा सुटला ते त्याला माहीत नव्हतं. पंखे लागल्यावर भिंत चाचपत अर्ध्यापर्यंत आला, पुढचं भोंग्याने आणि तोवर पोचलेल्या बंबवाल्यांनी ओढलं. डोळे टोमॅटोसारखे, पापण्या मिटलेल्या. एक बंबवाला त्याच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरत होता आणि माझा मुलगा त्या बिचाऱ्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या बापाच्या बापाला अशा शिव्या देत होता की फाटकाबाहेरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आवाज पार बसला होता, पण शब्द स्वच्छ होते.

या घरात शिवी दिलेली मला चालत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. सुनेने माझ्याकडे पाहिलं, भोंग्याने पाहिलं.

मी त्याच्या डोक्याशी चिखलात बसले आणि म्हटलं, अजून दे.